तुळजापूरची वाट आणि बायकांचा दम

1928च्या ऑलिंपिकनंतर बायकांची 800 मीटरची शर्यत थेट 1960मध्ये परतली, मॅरेथॉन तर 1984मध्ये मिळाली; लांबचा पल्ला त्यांना झेपणार नाही, हीच समजूत. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला जाणारी वाट मात्र उलट साक्ष देते: सुमारे 45 किलोमीटर, कितीतरी जणी अनवाणी, ओठांवर उदो उदो आणि पाय थकल्यावर शेवटी घाटाची चढण. एवढ्या चालीत स्नायूंतली साखर पुरवून वापरावी लागते. मध्यम गतीच्या दीर्घ श्रमात बायकांचं शरीर पुरुषांपेक्षा चरबी जास्त आणि कर्बोदकं कमी जाळतं. प्रयोगात पुरुषांना इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक दिलं तेव्हा त्यांचाही कल चरबीकडे झुकला. म्हणजे हा निव्वळ सवयीचा भाग नव्हे.

कुणी म्हणेल, पाळी गेलेल्या, म्हणजे इस्ट्रोजेन ओसरलेल्या आज्याही देवीला चालत जातातच की! खरं आहे. शेतातल्या कष्टांनी कसलेले पाय आणि वाटेतला फराळ यांचाही त्यात वाटा आहे; शिवाय हा फरक बेताचाच, त्याने कुणी आपोआप जिंकत नाही. पण इस्ट्रोजेन बायकांना चालवतं, असा माझा दावाच नाही. लांबच्या शर्यतींवरच्या त्या बंदीला शरीराचा आधार कधीच नव्हता, एवढंच हा फरक सिद्ध करतो. आणि ही गोष्ट आपल्या वाटेला प्रयोगशाळेआधीच ठाऊक होती.