सर्पगंधेची मुळी आणि पदवीचा प्रश्न

वर्ध्यात व्याख्यान असलं की नंतर एक प्रश्न हमखास येतो. मेंदू आणि मानसिक आजारांच्या औषधांवर संशोधन करायचंय, तर एम.फार्म. करू, न्यूरोसायन्समध्ये एम.एस्सी. करू, की एम.बी.बी.एस. करून पुढे एम.डी.? प्रश्न साधा नाही. यात वर्षं जातात आणि घरचा पैसाही जातो. मी आज एका मुळीचा इतिहास सांगतो, त्यातून काय दिसतं ते बघू.

1931 साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेबद्दल लिहिलं: रक्तदाब उतरतो, उन्माद झालेला रोगी शांत होतो. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकी मुळीतली द्रव्यं वेगळी करत होते. एकाला त्यांनी हकीम अजमल खानांवरून 'अजमलीन' नाव दिलं. सिद्दीकी रसायनशास्त्रज्ञ, रोगी तपासणं त्यांचं काम नव्हे. उलट मुंबईचे रुस्तम जाल वकील हे पक्के क्लिनिशियन. 1949 मध्ये त्यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचं लक्ष गेलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने रेसर्पिन वेगळं केलं, 1954 मध्ये न्यूयॉर्क राज्यात नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. 1957 चा लास्कर पुरस्कार वकील आणि क्लाइन दोघांनाही मिळाला.

पण औषध काम का करतं, हे या दोघांनाही माहीत नव्हतं. ते सापडलं अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडींच्या प्रयोगशाळेत. रेसर्पिनने शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो, हे त्यांच्या गटाने 1955 मध्ये दाखवलं. ब्रोडींची डॉक्टरेट रसायनशास्त्रातली! तिथे काही काळ काम करून गेलेले स्वीडनचे आर्विद कार्लसन हे मात्र डॉक्टर. रेसर्पिनने निपचित पडलेले ससे त्यांनी एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले. त्यातून डोपामिनचं मेंदूतलं काम उलगडलं, पार्किन्सनचा उपचार आला, 2000 साली नोबेल मिळालं.

मधे एक घोटाळाही झाला, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रेसर्पिन घेणारे काही रोगी खिन्न होतात, असं दिसलं आणि त्यावर नैराश्याचा अख्खा सिद्धांत उभा राहिला. पुढे त्या नोंदी किती पक्क्या होत्या, याबद्दलच शंका निघाल्या. इथे संख्याशास्त्र लागतं, आणि आपल्याकडे ते कुणी मनापासून शिकत नाही.

तर पदवी कोणती? रोग्यासमोर बसून औषध तपासायचं असेल तर एम.डी. मानसोपचार. सेवाग्रामचं महाविद्यालय 1969 पासून आपल्या दारात आहे. एम.डी. फार्माकॉलॉजीलाही एम.बी.बी.एस. लागतंच. बी.फार्म. झालेल्यांनी एम.फार्म. फार्माकॉलॉजी घ्यावं, ब्रोडींच्या वाटेच्या जवळचं तेच. मेंदूचीच यंत्रणा शोधायची असेल तर बंगळूरचं निम्हान्स, हरियाणातलं मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, अशी ठिकाणं बघा. औषध लिहून देण्याचा हक्क मात्र या वाटेने मिळत नाही, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा. प्रवेशाआधी त्या विभागात एकदा जाऊन या. प्राणिगृह चालू आहे का, परवानग्या आहेत का, गाइडचं अलीकडे काय छापून आलंय, हे तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. ते खरं सांगतात.