सोटो गेला, आता नऊ जणांत कोण? बेसबॉलमधली ऑफसीझनची आकडेमोड समजून घ्या

८ डिसेंबर २०२४ च्या रात्री बातमी आली की हुआन सोटो न्यूयॉर्क यांकीज सोडून त्याच शहरातल्या मेट्सकडे चालला आहे. १५ वर्षं, ७६.५ कोटी डॉलर. खेळांच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत मोठा करार. यांकीज जेमतेम सहा आठवड्यांपूर्वी वर्ल्ड सीरिजमध्ये डॉजर्सकडून हरले होते, आणि तिथवर पोहोचण्यात सोटोच्या ४१ होम रनचा मोठा वाटा होता.

त्या क्षणापासून मार्चअखेरपर्यंत यांकीजच्या चाहत्यांमध्ये एकच वाद रंगला: पुढच्या हंगामात कोणते नऊ जण, आणि कोणत्या क्रमाने?

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम मार्चअखेरीस सुरू होतो आणि ऑक्टोबर संपता संपता उरकतो. मधले चार-पाच महिने एकही सामना नसतो, पण चर्चा थांबत नाही. या गप्पांना तिथे 'हॉट स्टोव्ह' म्हणतात, म्हणजे थंडीत शेगडीभोवती बसून मारलेल्या गप्पा. आपल्याकडे आयपीएल लिलावाआधी जे होतं त्याच जातीचं हे प्रकरण. फरक एवढाच की बेसबॉलमध्ये या वादात प्रत्येकाच्या हातात आकड्यांचा गठ्ठा असतो. ते आकडे वाचायचे कसे, आणि ते कुठे फसवतात, हे समजायला यांकीजचा हा हिवाळा फार उपयोगी आहे.

सरासरी पुरेशी का नाही?

आधी खेळाची एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बेसबॉलमध्ये नऊ फलंदाज ठरलेल्या क्रमाने येतात आणि नववा झाला की पुन्हा पहिला येतो. बाद झालेला खेळाडू थोड्या वेळाने परत बॅट घेऊन उभा राहतो. संघाकडे मोजून २७ बाद असतात, ते संपले की डाव संपला. त्यामुळे खरी किंमत असते ती बाद न होता बेसवर पोहोचण्याला.

जुनी 'बॅटिंग ॲव्हरेज' फक्त फटक्यांची टक्केवारी सांगते. पिचरने चार चेंडू पट्ट्याबाहेर टाकले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो, त्याला 'वॉक' म्हणतात. तो या सरासरीत मोजलाच जात नाही. म्हणून आता दोन आकडे पाहतात. एक, ऑन-बेस, म्हणजे किती टक्के वेळा तो बाद न होता बेसवर पोहोचला. दुसरा, स्लगिंग, म्हणजे त्याच्या फटक्यांत किती दम होता. या दोघांची बेरीज म्हणजे ओपीएस. २०२४ मध्ये सगळ्या लीगचा ओपीएस ०.७११ च्या आसपास होता. ०.८०० च्या वर गेला की चांगला फलंदाज, ०.९०० च्या वर म्हणजे तारा.

सोटोची २०२४ ची सरासरी ०.२८८. चांगली, पण डोळे दिपवणारी नाही. ऑन-बेस मात्र ०.४१९, म्हणजे दर पाच वेळांपैकी दोनदा तो बेसवर होता. ओपीएस ०.९८८. त्याच्या पुढे संघात एकच माणूस होता, ॲरन जज, ओपीएस १.१५९.

चुकीचा प्रश्न

सोटो गेल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न होता, 'त्याच्या जागी कोण?' प्रामाणिक उत्तर होतं, कोणीच नाही. तेव्हा बाजारात ०.९८८ वाला दुसरा फलंदाज नव्हताच. पण प्रश्नच चुकीचा होता, कारण सामने संघ जिंकतो आणि संघात धावा कुठूनही येऊ शकतात.

इथे 'वॉर' हा आकडा कामी येतो. युद्धाशी याचा संबंध नाही, हे इंग्रजी लघुरूप आहे. कल्पना अशी: कुठल्याही संघाला किमान पगारात खालच्या लीगमधून सहज मिळेल असा एक कामचलाऊ खेळाडू गृहीत धरायचा. त्याच्याऐवजी हा खेळाडू खेळवला तर हंगामात किती विजय जास्त मिळाले, याचा तो अंदाज. फलंदाजी, क्षेत्ररक्षण, बेसवरची धावपळ, सगळं यात येतं. साधारण हिशेब असा की १० धावा म्हणजे एक विजय. सोटोचा २०२४ चा वॉर सुमारे ८ होता.

यांकीजने ८ विजय एका माणसात शोधले नाहीत. डिसेंबरच्या पुढच्या दोन आठवड्यांत त्यांनी पिचर मॅक्स फ्रीडला ८ वर्षांसाठी २१.८ कोटी डॉलर देऊन आणलं, शिकागो कब्जकडून कोडी बेलिंजरला घेतलं, आणि फर्स्ट बेससाठी पॉल गोल्डश्मिट या ३७ वर्षांच्या खेळाडूशी एका वर्षाचा १.२५ कोटींचा करार केला.

गोल्डश्मिटच्या नावावर चाहते भडकले. त्याचं २०२४ हे कारकिर्दीतलं सर्वांत वाईट वर्ष होतं, ओपीएस ०.७१६. म्हातारा माणूस कशाला आणला, हा सूर होता. पण आधी तिथे कोण होतं? अँथनी रिझो, २०२४ चा ओपीएस ०.६३६ च्या आसपास. डाव्या आउटफिल्डमध्ये ॲलेक्स व्हर्डुगो होता, तोही ०.६५० च्या खालीच. म्हणजे सोटोच्या तेजात दोन मोठी भगदाडं झाकली गेली होती. गोल्डश्मिट आपल्या सर्वांत वाईट वर्षाइतकाच खेळला असता तरी फर्स्ट बेसवर फायदाच होता.

ऑफसीझनच्या वादात सर्वांत जास्त वेळा निसटणारी गोष्ट हीच आहे. नव्या खेळाडूची तुलना त्याच्या जुन्या वैभवाशी किंवा निघून गेलेल्या ताऱ्याशी होते. करायला हवी ती त्याच जागेवर गेल्या वर्षी उभ्या असलेल्या माणसाशी.

अंदाज निघतो कसा?

पुढच्या हंगामाच्या अंदाजाला 'प्रोजेक्शन' म्हणतात. झिप्स, स्टीमर, पेकोटा अशी बरीच यंत्रं आहेत. पण मूळ तत्त्व समजायला 'मार्सेल' पुरे. टॉम टँगो या टोपणनावाने लिहिणाऱ्या विश्लेषकाने ते बनवलं आणि नाव ठेवलं एका माकडाचं, कारण हा हिशेब माकडालाही जमावा असा त्याचा विनोद होता. गंमत म्हणजे हे माकड भल्याभल्या किचकट यंत्रांच्या फार मागे राहत नाही.

पद्धत अशी: गेल्या तीन वर्षांचे आकडे घ्या. ताज्या वर्षाला ५, त्याआधीच्या वर्षाला ४, त्याआधीच्याला ३ असं वजन द्या. ज्या वर्षी खेळाडू जास्त खेळला, त्याचा भार आपोआप जास्त. मग उत्तर थोडं लीगच्या सरासरीकडे ओढा, कारण फार चांगल्या आणि फार वाईट वर्षांत नशिबाचाही हात असतो. शेवटी वयाचा परिणाम धरा. २९ च्या पुढे वजावट, आत असेल तर भर.

गोल्डश्मिटवर लावून पाहा. २०२२ मध्ये तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू होता, ओपीएस ०.९८१. २०२३ मध्ये ०.८१०. २०२४ मध्ये ०.७१६. वजन लावून सरासरी येते ०.८१० च्या जरा वर. लीगकडे ओढली आणि वय वजा केलं की ०.७८० च्या आसपास. त्याने २०२५ मध्ये प्रत्यक्षात केलं ०.७३१. सुरुवातीचे दोन महिने तो जोरात होता, मग ओसरला. अंदाज चुकला, पण यांकीजचा निर्णय चुकला असं म्हणता येत नाही, कारण ०.७३१ हे ०.६३६ पेक्षा बरंच वर आहे.

प्रोजेक्शनचा आकडा हा मधला बिंदू असतो. यंत्र म्हणतं की हाच खेळाडू हाच हंगाम शंभर वेळा खेळला, तर साधारण निम्म्या वेळा तो याच्या वर असेल आणि निम्म्या वेळा खाली. प्रत्यक्षात हंगाम एकदाच खेळला जातो. 'यंत्राने ०.७८० सांगितलंय' असं ठासून म्हणणारा अर्धीच गोष्ट सांगत असतो.

क्रमावरून एवढं भांडण कशाला?

यांकीजच्या वादाचा अर्धा भाग होता पहिल्या क्रमांकावर कोण, यावर. जुना समज असा की पहिला फलंदाज पळण्यात चपळ हवा आणि सर्वांत मोठा फटकेबाज चौथा. आता मोजून पाहणारे म्हणतात, सर्वांत चांगले फलंदाज पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या जागी ठेवा. क्रमात एक जागा वर सरकलं की हंगामात साधारण १५ ते २० संधी जास्त मिळतात. म्हणून जज दुसऱ्या क्रमांकावर, आणि त्याच्या आधी वेग असो वा नसो, बेसवर पोहोचणारा माणूस हवा.

वेगामुळे अनेकांचं मत अँथनी व्होल्पीला होतं. त्याचा २०२४ चा ऑन-बेस होता ०.२९३. जजच्या आधी दहापैकी सात वेळा बाद होणारा माणूस ठेवण्यात काही अर्थ नव्हता. २७ मार्च २०२५ ला, पहिल्याच सामन्यात, मॅनेजर ॲरन बून यांनी चक्क कॅचर ऑस्टिन वेल्सला सलामीला पाठवलं. कॅचर हा संघातला सहसा सर्वांत जड पायांचा माणूस. वेल्सने पहिल्याच संधीत होम रन मारला. प्रयोग मात्र टिकला नाही, हंगामाअखेर वेल्सचा ऑन-बेस ०.२७५ पर्यंत घसरला.

खरं सांगायचं तर क्रमाच्या भांडणाला जितका आवाज असतो तितकं त्यात वजन नसतं. बऱ्यापैकी क्रम आणि आदर्श क्रम यांत पूर्ण १६२ सामन्यांत जेमतेम एखाद्या विजयाचा फरक पडतो. नऊ जण कोण, हा प्रश्न त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

ज्याचं नाव कोणी घेतलं नाही

त्या नऊ जणांच्या याद्यांमध्ये एक नाव जवळपास नव्हतंच. ट्रेंट ग्रिशम. सोटोला यांकीजने डिसेंबर २०२३ मध्ये सॅन दिएगोकडून घेतलं, तेव्हा त्याच व्यवहारात ग्रिशमही आला होता. क्षेत्ररक्षण उत्तम, दोन गोल्ड ग्लव्ह नावावर. फलंदाजी मात्र यथातथा. लागोपाठ तीन वर्षांच्या सरासऱ्या: ०.१८४, ०.१९८, ०.१९०. एका हंगामातले सर्वाधिक होम रन १७. मार्सेलच काय, कुठल्याही यंत्राने त्याला राखीव आउटफिल्डरच्या वर नेलं नसतं, आणि हातात असलेल्या माहितीवर ते बरोबरच होतं.

२०२५ मध्ये ग्रिशमने ३४ होम रन मारले. ओपीएस ०.८१२. हंगामाचा बराच काळ तोच यांकीजचा सलामीचा फलंदाज होता.

बेन राइसची गोष्ट थोडी वेगळी. २०२४ मध्ये ५० सामन्यांत त्याची सरासरी ०.१७१ होती. पण २०१५ पासून सगळ्या मोठ्या मैदानांवर प्रत्येक फटक्याचा वेग यंत्राने मोजला जातो, आणि राइसचे फटके जोरदार होते, फक्त थेट क्षेत्ररक्षकांच्या हातात जात होते. हे पाहणाऱ्या मोजक्यांनी त्याची बाजू घेतली होती. जियानकार्लो स्टँटन कोपरांच्या दुखण्याने जूनपर्यंत बाहेर राहिला, राइसला जागा मिळाली, आणि त्याने २६ होम रन केले. ग्रिशम हा अपवाद होता. राइसची खूण आकड्यांतच होती, पण सरासरीच्या रकान्यात नव्हती.

दुखापती तर कुठल्याच यादीत बसत नाहीत. संघाचा प्रमुख पिचर गेरिट कोल मार्चमध्येच कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे पूर्ण वर्षासाठी बाहेर गेला.

हिशेब काय निघाला?

सोटो असताना, २०२४ मध्ये, यांकीजने ८१५ धावा केल्या आणि ९४ सामने जिंकले. सोटो नसताना, २०२५ मध्ये, ८४९ धावा केल्या आणि पुन्हा ९४ च जिंकले. बेलिंजरने २९ होम रन मारले, फ्रीडने १९ सामने जिंकून दिले, आणि जजने ५३ होम रन मारत अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा मान पुन्हा मिळवला. प्लेऑफमध्ये मात्र टोरांटोने त्यांना घरी पाठवलं.

सोटोही ठरल्याप्रमाणे खेळला. मेट्ससाठी ४३ होम रन, ऑन-बेस ०.३९६. मेट्स ८३ सामने जिंकून शेवटच्या दिवशी प्लेऑफबाहेर राहिले.

नोव्हेंबर २०२५ मध्ये यांकीजने ग्रिशमला एका वर्षासाठी सुमारे २.२ कोटी डॉलरचा प्रस्ताव दिला आणि त्याने तो स्वीकारला. लगेच पुढच्या हिवाळ्याचा वाद सुरू झाला: ३४ होम रनचा ग्रिशम खरा, की त्याआधीच्या तीन वर्षांचा? मार्सेलचं गणित त्याच्यावर लावलं, तर २०२६ साठी ओपीएस येतो ०.७४० च्या आसपास, दोन्ही ग्रिशमांच्या बरोबर मध्ये.