आंग्रिया बँक : किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरवरची आपली जबाबदारी

(मोशी येथील व्याख्यानाचं शब्दांकन)



मोशीत समुद्रावर व्याख्यान ठेवलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, आपला समुद्राशी काय संबंध? आपली इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, भीमा पुढे कृष्णेला, आणि आपल्या अंगणात पडलेलं पावसाचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. पण सरळ रेषेत मोजलं तर मोशीहून अलिबागचा किनारा साधारण शंभर किलोमीटरवर आहे. हे अंतर लक्षात ठेवा. विजयदुर्गाच्या बुरुजावर उभं राहून पश्चिमेला जवळपास तेवढंच, म्हणजे 105 किलोमीटर, समुद्रात गेलं की पाण्याखाली एक पठार लागतं. वर काही दिसत नाही. बेट नाही, खडक नाही, दीपस्तंभ नाही. खाली मात्र प्रवाळांचं मोठं जग आहे. त्याचं नाव आंग्रिया बँक.

बँक म्हटलं की आपल्याला पासबुक आठवतं. इथे अर्थ वेगळा आहे. भोवतालच्या खोल समुद्रातून वर आलेल्या उथळ उंचवट्याला खलाशांच्या भाषेत बँक म्हणतात. हा उंचवटा उत्तर-दक्षिण सुमारे 40 किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे 15 किलोमीटर आहे. मोशीहून नाशिक रस्त्याला लागलो तर जवळजवळ मंचर येईल, एवढी लांबी. त्याचा सगळ्यात उंच भागसुद्धा पाण्याखाली 20 मीटर आहे. म्हणजे सहा-सात मजली इमारत बुडेल एवढं पाणी. कडेला तळ झपाट्याने खाली जातो, शेकडो मीटर.

हे पठार नेहमी पाण्याखाली नव्हतं. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, जगातल्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली होती. तेव्हा आंग्रियाचा माथा उघडा असणार. बर्फ वितळलं, पाणी चढलं, माथा बुडाला. प्रवाळाला सूर्यप्रकाश लागतो, कारण त्याच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवालं प्रकाशावर अन्न तयार करतात. आंग्रियाच्या माथ्यावर पाणी बरंच असलं तरी ते स्वच्छ आहे. किनाऱ्याजवळ नद्यांचा गाळ येतो, इतक्या दूर तो पोहोचत नाही. म्हणून 20-25 मीटरवरही प्रकाश पुरतो आणि प्रवाळ टिकतो.

आता नावाकडे येऊ. आंग्रिया म्हणजे आंग्रे. सरखेल कान्होजी आंग्रे. इंग्रजांच्या जिभेवर आंग्रेचा ‘आंग्रिया’ झाला. गंमत बघा, ज्यांनी कान्होजींना आयुष्यभर चाचा म्हटलं, त्यांच्याच भाषेतलं हे नाव आज नकाशावर आहे.

हा शिक्का नुसता शिवी म्हणून नव्हता. त्यामागे एक भांडण होतं, आणि ते आजच्या विषयाला थेट भिडतं. कान्होजींचं म्हणणं होतं, कोकणच्या पाण्यातून व्यापार करायचा असेल तर आमचं दस्तक घ्या. दस्तक म्हणजे परवाना. पोर्तुगीज त्याआधी दीडशे-दोनशे वर्षं हेच करत आले होते, त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत. त्यांनी परवाना मागितला तर ते राज्य, आणि आंग्र्यांनी मागितला तर ती चाचेगिरी! इंग्रजांनी ते मानलं नाही. 1720 मध्ये विजयदुर्गावर हल्ला झाला, 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र होऊन कुलाब्यावर आले. दोन्ही वेळा हात हलवत परतले. कान्होजी 1729 मध्ये वारले. अलिबागला गेलात तर त्यांची समाधी जरूर पाहा. पुढे फेब्रुवारी 1756 मध्ये, तुळाजी आंग्र्यांच्या वेळी, इंग्रजांनी विजयदुर्ग घेतला आणि बंदरातलं आरमार जाळलं. त्या मोहिमेत नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हेही विसरून चालणार नाही.

तेव्हा मूळ प्रश्न असा होता : किनाऱ्यापलीकडच्या पाण्यावर अधिकार कोणाचा, आणि तो कुठपर्यंत? आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतं जिथवर पोहोचत, तिथवर त्यांचं उत्तर चालत असे. हा प्रश्न संपलेला नाही. फक्त आता भांडण व्यापाराच्या मालावरून नाही, प्रवाळावरून आहे.

पाण्याखालचं पठार माणसाला कळतं कसं? जुनं साधन अगदी साधं. दोरीला शिशाचं वजन बांधायचं आणि सोडायचं. दोरीवर खुणा असतात. खोली मोजण्याचं आपल्याकडचं माप वाव, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारं अंतर, साधारण सहा फूट. आंग्रियाचा माथा या मापाने अकरा वावांवर. शिशाच्या बुडाला खळगा असे, त्यात चरबी भरत. तळाला टेकलं की चरबीला वाळू, चिखल, शिंपल्यांचे किंवा प्रवाळाचे तुकडे चिकटून वर येत. अशा नोंदी एकमेकींशेजारी ठेवत नकाशा तयार होई. तळ मोजला जात होता, पण तो कोणी पाहिला नव्हता.

पाहण्यासाठी माणूस खाली जायला हवा, आणि तिथे श्वास घ्यायला हवा. इथे आपल्या भागाचा एक धागा येतो. समोर चाकण, भोसरी, तळवड्याला काम करणारे अनेक जण बसलेत, त्यांनी हे नीट ऐका. 1860च्या दशकात रुकेरोल नावाच्या फ्रेंच खाण अभियंत्याने आणि देनेरूझ नावाच्या नौदल अधिकाऱ्याने एक झडप बनवली. माणूस श्वास ओढेल तेव्हाच, आणि हवा तेवढीच हवा ती देत असे. पण त्या काळी फार जास्त दाबाची हवा साठवणाऱ्या टाक्या नव्हत्या, त्यामुळे कल्पना मागे पडली. मग दुसरं महायुद्ध आलं. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना, लोक मोटारी गॅसवर चालवू लागले. एमिल गान्यां या अभियंत्याने इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणारा एक रेग्युलेटर तयार केला. नौदल अधिकारी झाक कूस्तो त्याच्याकडे गेला, आणि त्या दोघांनी तो माणसासाठी बदलून घेतला. 1943 मध्ये अ‍ॅक्वालंग तयार झालं. आजची स्कूबा त्याचीच लेक.

म्हणजे मंडळी, पाणबुड्याच्या तोंडातला रेग्युलेटर हा मुळात मोटारीचा सुटा भाग! आजही साम्य आहे. सीएनजी पंपावर गाडीत गॅस भरतो तो 200 बार दाबाने. स्कूबाच्या टाकीतही साधारण 200 बारच. फरक एवढाच की त्यात साधी, गाळलेली, कोरडी हवा असते. लोक त्याला सर्रास ऑक्सिजन सिलिंडर म्हणतात, ते चूक आहे. निव्वळ ऑक्सिजन सहा-सात मीटरच्या खाली श्वासात घेतला तर तो विषारी ठरतो, झटके येऊ शकतात.

आता आंग्रियावर बुडी मारायची म्हणजे काय, याचा हिशेब करू. 12 लिटरची टाकी, 200 बार, म्हणजे 2400 लिटर हवा. त्यातली 50 बार राखीव ठेवायचीच, हाती राहिली 1800 लिटर. पाण्यावर आपण मिनिटाला 20 लिटर हवा वापरतो असं धरू. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो, म्हणून 20 मीटरवर दाब तिप्पट आणि हवाही तिप्पट लागते, मिनिटाला 60 लिटर. 1800 भागिले 60, तीस मिनिटं. 30 मीटरवर गेलात तर साडेबावीस. त्यातही खाली जाण्याचा आणि सावकाश वर येण्याचा वेळ आला.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. स्कूबाच्या पहिल्या अभ्यासक्रमाची मर्यादा 18 मीटर असते, पुढच्या, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड अभ्यासक्रमाची 30 मीटर. आंग्रियाचा सगळ्यात उथळ भाग 20 मीटरवर. अर्थ स्पष्ट आहे : नवशिक्याला तिथे एकही जागा नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ प्रशिक्षक दंडाला धरून काही मीटर खाली नेतो, फोटो काढतो, ती वेगळी गोष्ट. ती चांगली आहे, तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाने रीतसर प्रशिक्षणाची सोयही केली आहे. पण मालवणला एकदा खाली गेलो म्हणून आंग्रियाला जाता येत नाही. तिथे प्रवाह असतो, उघडा समुद्र असतो, आणि वर आल्यावर पकडायला खडक नसतो, फक्त बोट.

तिसरी गोष्ट रक्तातल्या बुडबुड्यांची. दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो. झटकन वर आलं की सोडा वॉटरची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होतात. 1870च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे पाये खोदणाऱ्या मजुरांना हा आजार झाला, मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग त्यातच अधू झाला. 1908 मध्ये हॉल्डेन या शास्त्रज्ञाने शेळ्यांवरच्या प्रयोगांतून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं मांडली. आज मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर तोच हिशेब क्षणाक्षणाला करतो. तरीही आजार झालाच तर उपचाराला दाबकक्ष लागतो, आणि तो किनाऱ्यावर असतो. ताशी 15-18 किलोमीटर वेगाने बोटीला विजयदुर्ग गाठायलाच सहा-सात तास. आंग्रियावर बुडी मारण्याआधी प्रत्येकाने हे सहा-सात तास मोजावेत.

आता मुद्द्यावर येऊ. आजवर आंग्रियाला कोणी राखलं? कायद्याने नाही, सरकारने नाही, आम्ही-तुम्ही तर नाहीच. राखलं ते अंतराने, खोलीने आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांनी. शिशाच्या दोरीने तो सापडला, रेग्युलेटरने तो दिसू लागला, आणि मोठ्या इंजिनांच्या बोटींनी तो जवळ आला. प्रत्येक नव्या साधनाने कुंपणाची एकेक तार काढली. त्या जागी दुसरी तार आपण लावली का?

कायदा काय म्हणतो बघा. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळाला पहिल्या परिशिष्टाचं, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. समुद्रात अभयारण्यही करता येतं. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं, 29.12 चौरस किलोमीटरचं. पण समुद्रातल्या अभयारण्याची ही तरतूद प्रादेशिक समुद्रापुरती आहे, किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे 22 किलोमीटर. आंग्रिया त्याच्या जवळजवळ पाचपट दूर. तिथे लागू होतो 1976चा सागरी क्षेत्रांचा कायदा. त्यानुसार 200 सागरी मैलांपर्यंतच्या क्षेत्रातल्या साधनसंपत्तीवर भारताचा हक्क आहे, आणि त्यातला एखादा भाग निर्दिष्ट क्षेत्र म्हणून जाहीर करून तिथलं पर्यावरण राखण्याचे अधिकार केंद्र सरकारला आहेत. आंग्रियाला असं संरक्षण मिळावं ही मागणी महाराष्ट्रातून केंद्राकडे गेलेली आहे.

कोणी म्हणेल, पर्यटन आलं की संरक्षण आपोआप येईल, लोकांना किंमत कळेल. यात तथ्य आहे. मालवणात अनेक मच्छीमार कुटुंबांना स्कूबाने जोडधंदा दिला, आणि ज्याचं पोट प्रवाळावर आहे तो प्रवाळ तोडू देत नाही. पण मालवणला अभयारण्य आधी जाहीर झालं, स्कूबाची गर्दी पुष्कळ नंतर आली. आंग्रियावर उलटं होऊ देऊ नये. एका बोटीचा नांगर ओढला गेला की जो प्रवाळ फुटतो, त्याला वाढायला अनेक वर्षं लागतात. ट्रॉलरचं तळ खरवडणारं जाळं तर त्याहून वाईट. वर समुद्र तापतोय, 1998 मध्ये लक्षद्वीपचा प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरा पडला, हे आपण पाहिलं आहे. जो आधीच तापलेल्या पाण्याशी झगडतोय, त्याच्यावर नांगर तरी टाकू नये.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पाहणी आणि संरक्षण. मग बांधून ठेवलेले तरंगते बोये, म्हणजे नांगर टाकावा लागणार नाही. मग मोजक्या, परवाना असलेल्या बोटी, आणि फक्त प्रशिक्षित पाणबुडे. परवाना हा शब्द आला बघा पुन्हा! कान्होजींच्या दस्तकाची आजची गरज हीच आहे.

आपण कान्होजींचं नाव घेतो. मुंबईतल्या नौदलाच्या तळाचं नाव आयएनएस आंग्रे आहे, 2018 मध्ये मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेल्या क्रूझ जहाजाचं नाव आंग्रिया ठेवलं गेलं. नावं देण्यात आपण कमी पडत नाही. पण त्यांच्या आरमाराचा दावा नावाचा नव्हता. या पाण्यात काय चालेल आणि काय चालणार नाही हे आम्ही ठरवू, असा तो दावा होता. त्यांच्या नावाच्या पठारावर आज तोच दावा कागदावर आणि पाण्यावर, दोन्हीकडे करायचा आहे. या सभेतून कोणी पुढच्या हिवाळ्यात मालवणला स्कूबाला जाणार असेल, तर अवश्य जा, नीट शिकून घ्या. आणि कोणी आंग्रियाची सहल विकायला आला, तर पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारा : नांगर कुठे टाकता, आणि परवानगी कोणाची?