दम

माघात ज्वारीची मळणी उरकली की आमच्या वावरातलं खळं आठ-पंधरा दिवस रिकामं पडायचं. मधला तिवडा उपटला जायचा, त्याचा खड्डा चोपून बुजवला जायचा आणि आत्या चुलीतली राख टोपल्यात भरून आणायची. राखेची पहिली रेघ बरोबर तिवड्याच्या जागेवरून ओढायची. ती मध्यरेषा. देवळी आणि पुलगावच्या मधली आमची जमीन काळी, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर अनवाणी धावणंही जोखमीचं. बैलांनी तुडवलेलं, शेणानं सारवलेलं खळं तेवढं सपाट आणि घट्ट. त्यामुळे गावात कबड्डीची जागा एकच होती आणि ती धान्याच्या कृपेनं मिळायची.

आबाजी, म्हणजे माझे आजोबा, पंच असायचे. म्हातारी माणसं अजूनही खेळाला हुतूतूच म्हणायची. चढाईचा गडी रेघेजवळ आला की आबाजी डोळे मिटायचे. मला लहानपणी त्याचं नवल वाटे. पंचानं तर डोळे फाडून बघायला हवं. एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "डोया फसवते बापू. कान नाही फसवत."

ते काय ऐकत होते, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. गडी रेघ ओलांडतो तेव्हा त्याचा सूर भरलेला असतो, छातीतून येतो. पलीकडे कोपऱ्यातला गडी घोट्याकडे झेपावला की सूर वर चढतो. परत फिरताना तो घशात येतो, पातळ होतो, आणि दोन शब्दांच्या मध्ये कधीतरी एक बारीकसा हुंदका बसतो. तीच चोरलेली हवा. आजूबाजूला शंभर माणसं ओरडत असली तरी आबाजींचा हात त्या हुंदक्याला वर जायचा. "दम गेला. बाद." त्यावर कुणी वाद घातल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं पुन्हा उकरून निघालं ते २०१४ च्या पावसाळ्यात. २६ जुलैला मुंबईत प्रो कबड्डीचा पहिला मोसम सुरू झाला आणि आमच्या छपरीत रोज संध्याकाळी टीव्हीपुढे पंचवीस माणसं बसू लागली. आबाजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचे चुलतभाऊ, आमचे लहाने आबाजी, होते. ऐंशी ओलांडलेली, एका डोळ्याला दिसायचं बंद झालेलं, दुसऱ्याला धुरकट. ते खाटेवर भिंतीला टेकून बसायचे. दोन सामने त्यांनी गप्प राहून काढले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हा आपला खेय नाही राह्यला."

तिथून जी ठिणगी पडली ती महिनाभर धुमसत होती. माझा चुलतभाऊ तालुक्याच्या संघातून खेळलेला. त्यानं टीव्हीवरच्या मॅटची बाजू घेतली. मातीवर त्याच्या दोन्ही गुडघ्यांची सालं निघालेली, खांदा एकदा निखळलेला. तो खाशाबा जाधवांचा दाखला द्यायचा. मातीतला हा पैलवान १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला पहिल्यांदा मॅटवर उतरला तेव्हा सहावा आला, आणि त्या मॅटची सवय केल्यावर १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आला. "जग मॅटवर खेयते, काका. आपण खळ्यावर बसून राहायचं का?" बाबांचं दुखणं वेगळं होतं. दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई 'करो या मरो', तीन किंवा कमी गडी उरले असताना केलेल्या पकडीला जादा गुण, सहा किंवा जास्त बचावपटू असताना बोनस रेषा ओलांडली की गुण. हे सगळं बघणाऱ्याला टीव्हीपुढे धरून ठेवण्यासाठी केलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं. पूर्वी चढाईचा गडी पलीकडे जाऊन नुसता अंदाज घ्यायचा, कोण बिचकतो, कुणाचा पाय जड आहे ते हेरायचा आणि रिकाम्या हातानं परत यायचा. ती हेरगिरी म्हणजे खेळाची निम्मी अक्कल, आणि तीच आता तोट्याची ठरली.

लहाने आबाजींचा आक्षेप मात्र मॅटवर नव्हता, गुणांवरही नव्हता. ते ३० सेकंदांच्या घड्याळाकडे बोट दाखवायचे. "आमच्या टायमाले घड्याळ छातीत होतं."

या एका वाक्यानं मी अडकलो. खरोखर, चढाई किती वेळ चालावी हे त्या काळी पंच ठरवत नसे, गड्याची फुप्फुसं ठरवत. क्रिकेटला षटक आहे, फुटबॉलला शिट्टी आहे. माणसाचा श्वास हेच ज्याचं माप, असा खेळ म्हणजे हा. दक्षिणेत त्याला चेडुगुडू म्हणतात, बंगालकडे हाडूडू, आपल्याकडे हुतूतू. एका दमात न थांबता म्हणता येईल असा एक उच्चार, त्यावरूनच प्रांताप्रांतानं खेळाला नाव दिलं. खेळाचं नावच दम मोजण्याचं साधन आहे.

त्या वादात एका संध्याकाळी आत्या बोलली. ती स्वतः कॉलेजात कबड्डी खेळलेली, खळ्यावर राख टाकणारी तीच. तिनं आबाजींकडून ऐकलेली गोष्ट सांगितली.

आबाजींचा जन्म १९२५ चा. १९३६ मध्ये ते अकरा वर्षांचे होते. त्या वर्षी ३० एप्रिलला गांधीजी शेगावला राहायला आले, ज्याला पुढे सेवाग्राम म्हणू लागले. त्याच वर्षी बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली आणि त्यांत कबड्डी होती. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये उभी केलेली ही संस्था. पुलगावपुढे वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो, त्यामुळे तिथली गोष्ट आमच्याकडे यायला वेळ लागत नसे. आपल्या खळ्यावरचा खेळ जर्मनीत खेळून दाखवला, हे पोरांच्या डोक्यात बसलं.

पुढे काही वर्षांनी, त्या मंडळात शिकून आलेला एक मास्तर गावच्या शाळेत लागला. त्यानं पोरांना नियम शिकवले. नियमांचं हे काम तेव्हा काही फार जुनं नव्हतं. १९१८ च्या सुमारास साताऱ्याकडे ते बांधायला घेतले गेले आणि १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानं ते छापून स्पर्धा भरवली. त्याआधी गावोगावच्या रीती निराळ्या. अमर प्रकारात गडी बाद झाला तरी मैदान सोडत नसे, समोरच्यांना फक्त गुण मिळे. गामिनीत बाद झालेला बाहेरच, आणि अख्खी बाजू बाद होऊन लोण चढेपर्यंत त्यानं बसून राहायचं. संजीवनीत समोरचा एक गडी बाद केला की आपला एक मेलेला गडी उठून आत येतो. आजची कबड्डी या संजीवनीतून आली.

आमच्या गावात गामिनी चालायची. खळ्यावर जितके जमतील तितके गडी, वेळेचं बंधन नाही. मास्तरांनी एका बाजूला सात गडी ठेवले, वेळ ठरवली आणि संजीवनी आणली. पंजोबा खळ्याच्या कडेला बसून बघत होते. पहिला बाद गडी उठून परत आत आला तसे ते उभे राहिले. "मेलेला गडी उठते कसा? हा खेय नाही, पोट्ट्यायचा तमाशा आहे." आणि त्यांनी आपलं खळं खेळाला द्यायचं बंद केलं. दोन वर्षं पोरं दुसऱ्याच्या खळ्यावर खेळली. त्या पोरांचा म्होरक्या कोण होता? आबाजी.

छपरीत सगळे गप्प झाले. ज्यांच्या नावानं आम्ही जुन्या खेळाची शपथ घेत होतो, त्यांनीच एकदा तो खेळ बदलला होता, आपल्या बापाशी भांडून.

"मंग पंजोबा मानले कसे?" चुलतभावानं विचारलं.

आत्या म्हणाली, "आबाजी त्यायच्याजवळ गेले अन् म्हणाले, गडी उठू द्या, पण दम तोच राहीन. तुमी पंच व्हा, डोये मिटा अन् ऐका." पंजोबा पंच झाले. डोळे मिटायची रीत तिथून आली.

त्या रात्री मला झोप आली नाही. मूळ खेळ, मूळ खेळ म्हणून आपण ज्याला कवटाळतो तो बहुतेक वेळा आपल्या बालपणीचा खेळ असतो. त्याच्या आधीच्या पिढीनं त्यालाच भेसळ म्हटलेलं असतं. पण म्हणून सगळे बदल सारखे, असं मला म्हणता येत नाही. आबाजींनी गड्यांची संख्या सोडली, गामिनी सोडली, वेळेची मोकळीक सोडली. एक गोष्ट त्यांनी सोडली नाही, आणि तिच्या बळावर त्यांना बापाची संमती मिळाली. बदल करणाऱ्यानं काय जपलं, यावरूनच त्याला जोखायला हवं.

मातीचंही मला तेव्हा नीट समजलं. आम्ही मॅटला दोष देत होतो, पण खळं मॅटनं नेलं नाही. आमच्या भागात ज्वारी मागे पडली, सोयाबीन आलं, मळणीला थ्रेशर आलं. बैल कमी झाले. सारवायला शेण नाही, तिवडा रोवायला कारण नाही. मुंबईत मॅट अंथरली गेली त्याच्या कितीतरी आधी आमच्या वावरातलं खळं नांगराखाली गेलं होतं. खेळाच्या पायाखालची जमीन शेतीनं काढून घेतली आणि रुसवा मात्र आम्ही टीव्हीवर धरला.

आणि मॅटनं दिलंही खूप. १९५५ मध्ये महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या, तरी आत्याच्या पिढीतल्या मुलींना सासरी गेल्यावर कुणी मैदान दाखवलं नाही. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत महिलांची कबड्डी आली. २०१२ मध्ये पाटण्याला भारतानं महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा त्या संघात महाराष्ट्राच्या दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे आणि सुवर्णा बारटक्के होत्या. आत्यानं वर्तमानपत्रातला तो फोटो कापून देव्हाऱ्याच्या फळीला चिकटवला होता. चुलतभावाच्या मुलीला तिनंच वर्ध्याला सरावाला घातलं.

ती मुलगी त्या वर्षीच्या दिवाळीला घरी आली. लहाने आबाजींना आता दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. टीव्हीवर त्या मोसमातला एक सामना पुन्हा लागला होता, ते खाटेवर बसून कान देत होते आणि थोड्या वेळानं मान फिरवून पडून राहिले. ती जवळ जाऊन बसली. "आबाजी, काहून झोपले?"

"काय आयकू बाई? गाणं वाजते, तो मानूस बोलते, लोकं ओरडते. गड्याचा दम आयकूच येत नाही."

तेवढ्यात मला सगळं उमगलं. महिनाभर आम्ही त्यांना जुनाट विचारांचे म्हणत होतो. मॅटच्या नियमांतही चढाईच्या गड्यानं एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत राहायचं आहेच. तो नियम कुणी काढलेला नाही. तो त्या गोंगाटाखाली गाडला गेला आहे. ज्याला दिसत होतं त्याला खेळ पोचत होता. ज्याच्याकडे फक्त कान उरले होते त्याच्यापासून खेळ खरोखरच गेला होता.

मुलगी उठली. तिनं टीव्ही बंद केला. गॅस आला तरी आत्या पाणी तापवायला चूल पेटवतेच. तिच्याकडून मुलीनं राख मागून घेतली आणि अंगणात मध्यरेषा ओढली. शेजारची चार पोरं-पोरी बोलावली. चुलतभाऊ स्वतः कोपऱ्यात उभा राहिला. मग ती म्हाताऱ्याकडे वळून म्हणाली, "आबाजी, तुमी पंच."

ते उठून बसले. सवयीनं डोळे मिटले, मिटायची गरज नव्हती तरी. पोरगी रेघेपलीकडे गेली. अंगणात दुसरा आवाज नव्हता. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. सूर भरलेला, मग चढलेला. चुलतभाऊ घोट्याला झोंबला, ती वाकली, फिरली, सूर घशात आला. तिचा हात रेघेच्या जवळ होता. आम्हा सगळ्यांना वाटलं, आली परत.

लहाने आबाजींचा हात वर गेला.

"दम गेला पोरी. बाद."

ती तिथेच राखेवर बसली, धापा टाकत. आणि म्हणाली, "हो आबाजी. गेला होता."