पोटनिवडणुकीतले पोट

दिल्लीत एखादी जागा रिकामी झाली की हिंदी वृत्तपत्रांत ‘उपचुनाव’ हा शब्द दिसू लागतो. उर्दू वृत्तपत्रे त्याच मतदानाला ‘जिम्नी इंतिखाब’ म्हणतात, इंग्रजी वृत्तपत्रे ‘बाय-इलेक्शन’. आणि त्याच शहरातले मराठी कुटुंब जेवताना बोलते ते ‘पोटनिवडणुकी’बद्दल. घटना एकच, पण यातले दोन शब्द तिला मुख्य निवडणुकीच्या शेजारी उभे करतात आणि दोन तिला आत घेतात.

इंग्रजीतला ‘बाय’ कडेचा. मोठ्या रस्त्याला फाटा देणाऱ्या वाटेला ‘बाय-वे’ म्हणतात, तोच हा. संस्कृत ‘उप’ म्हणजे जवळ. ‘उपासना’ म्हणजे जवळ बसणे, इतका हा उपसर्ग मुळात आपुलकीचा. पण उपसंचालक, उपनिरीक्षक, उपमुख्यमंत्री अशा पदांनी त्याला एक पायरी खाली उतरवले आहे. त्यामुळे ‘उपचुनाव’ ऐकताना दुय्यम काहीतरी चालले आहे असे वाटते. ‘जिम्नी’चा प्रकार वेगळा. अरबी ‘जिम्न’ म्हणजे आतला भाग, एखाद्या गोष्टीत सामावलेले. पंजाब-हरियाणाच्या न्यायालयांत खटला चालू असताना मधे दिल्या जाणाऱ्या हुकुमांना आजही ‘जिमनी’ म्हणतात. हुकूम त्या खटल्याच्या पोटातला.

मराठीने नेमके तेच केले. पोट हा शब्द जुना. प्राकृतातही उदराला ‘पोट्ट’ म्हणत. भुकेशी आणि लेकराशी त्याचे नाते आहेच, पण मराठीने त्याला ‘आतले’ या अर्थाने कामाला लावले ते विशेषतः घर आणि जमीन यांच्या व्यवहारात. खोलीच्या आतच छताखाली काढलेला तो पोटमाळा. भाडेकरूच्या आत राहणारा तो पोटभाडेकरू. सातबारा वाचलेल्या माणसाला पोटहिस्सा आणि पोटखराबा शिकवावा लागत नाही. पोटखराबा म्हणजे गट किंवा सर्व्हे नंबर यांच्या हद्दीतलीच, पण लागवडीला न येणारी जमीन. ओढा, खडक, पायवाट काहीही असो, ती त्या नंबराबाहेर जात नाही. महाराष्ट्राच्या कायद्यांत कलमाच्या आत ‘पोट-कलम’ येते. पोटजात म्हणजे जातीतली जात. या सगळ्यांत लहानमोठेपणाचा प्रश्न गौण आहे. कोण कोणाच्या हद्दीत, हे महत्त्वाचे. गुजरातीनेही हाच मार्ग धरला आहे. तिथे पोटनिवडणूक म्हणजे ‘पेटाचूंटणी’.

‘निवडणूक’ या उत्तरार्धाबद्दल थोडेच सांगतो. वागणूक, नेमणूक, मिरवणूक, फसवणूक यांच्या घडणीचाच हा शब्द. ‘निवाडा’ हाही ‘निवडणे’च्याच घरातला. तांदूळ निवडताना खडे काढून टाकायचे आणि उरतील ते आपले, हे काम न्यायाधीशाचेही आणि मतदाराचेही.

मग पोटनिवडणूक कुणाच्या पोटातली? सार्वत्रिक निवडणुकीने सभागृहाला जो काळ दिला त्या काळाच्या पोटातली. सभासद वारला, त्याने राजीनामा दिला, तर नव्या सभासदाला नवी मुदत मिळत नाही; उरलेली मिळते. कायद्यातली ही व्यवस्था एवढ्या नेमकेपणाने सांगणारा शब्द इंग्रजीकडे नाही.

याचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे उदाहरण इंग्रजी अंमलाच्या अगदी अखेरच्या आठवड्यांतले आहे. मतदान मुंबईचे, पण त्याची तातडी दिल्लीची.

1946 च्या जुलैत प्रांतिक विधानसभांनी संविधान सभेचे सभासद निवडले. मुंबई विधानसभेने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना निवडले नाही. ते जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने बंगालमधून निवडून आले. त्यांचा मतदारसंघ ‘जेसोर-खुलना’ होता असे अनेकदा लिहिले जाते, ते बरोबर नाही. संविधान सभेसाठी जिल्हावार मतदारसंघच नव्हते. मते दिली ती बंगाल विधानसभेच्या सभासदांनी. 9 डिसेंबर 1946 रोजी नवी दिल्लीत सभेचे काम सुरू झाले. नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. मुस्लिम लीग आणि संस्थाने येईपर्यंत तो थांबवावा, अशी दुरुस्ती मुंबईचे मुकुंदराव जयकर यांनी 16 डिसेंबरला सुचवली. दुसऱ्याच दिवशी आंबेडकर बोलले आणि त्यांनीही घाई न करण्याच्या बाजूने आपले वजन टाकले. पुढे वर्षभराच्या आत या दोघांची नावे एकाच जागेशी जोडली जाणार होती.

ठराव जानेवारीत मंजूर झाला. जयकरांनी सभेचा राजीनामा दिला आणि मुंबईच्या वाट्याची एक जागा रिकामी झाली. 20 जून 1947 रोजी बंगालच्या फाळणीवर शिक्कामोर्तब झाले आणि बंगालमधून आलेल्या आंबेडकरांचे सभासदत्व संपले. 30 जूनला संविधान सभेचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना पत्र लिहिले (प्रांताच्या प्रमुखाला तेव्हा पंतप्रधानच म्हणत). आंबेडकरांनी सभेत आणि समित्यांत केलेले काम पाहता त्यांना गमावणे परवडणारे नाही, 14 जुलैच्या बैठकीला ते हवेत, म्हणून त्यांना ताबडतोब निवडून पाठवा, असा त्या पत्राचा आशय. जयकरांच्या जागेसाठी खरे तर ग. वा. मावळंकरांचा विचार चालला होता. सरदार पटेलांनी त्यांची समजूत घातली. मावळंकरांचे मोठेपण यात झाकून जाऊ नये. तेच पुढे पहिल्या लोकसभेचे सभापती झाले.

जुलैमध्ये आंबेडकर मुंबईतून निवडून आले. जाहीर सभा नाही, भित्तिपत्रके नाहीत. मतदार म्हणजे मुंबई विधानसभेचे सभासद, आणि ज्या काँग्रेसशी आंबेडकरांचे आयुष्यभर भांडण झाले तिचेच तिथे बहुमत. एक वर्षापूर्वी ज्या सभागृहाने त्यांना दारातून परत पाठवले होते त्यानेच त्यांना दिल्लीला धाडले. 29 ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली आणि दुसऱ्या दिवशी आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले.

आता ‘पोट’ हा शब्द पुन्हा पाहा. 1947 च्या जुलैत नवी सभा जन्मली नव्हती. डिसेंबरमध्ये जी बसली, तिच्यातच एक माणूस एका दाराने बाहेर पडून दुसऱ्या दाराने आत आला. बंगालचा सभासद मुंबईचा झाला, पण काम तेच, समित्यांतले धागे तेच. ‘उप’ म्हणावे असे या निवडणुकीत काहीही नाही. देशाच्या संविधानाचा मसुदा ज्याच्या देखरेखीखाली घडला तो माणूस याच वाटेने सभेत टिकला.

आंबेडकरांच्या वाट्याला या शब्दाची कडू बाजूही आली. 1954 मध्ये भंडाऱ्याची लोकसभेची पोटनिवडणूक त्यांनी लढवली आणि ते हरले. त्या वेळी मत सामान्य मतदाराचे होते.

अलीकडे हिंदी बातम्यांच्या घाईच्या भाषांतरातून ‘उपनिवडणूक’ मराठीत शिरू लागली आहे. मी तो शब्द वापरत नाही आणि इतरांनीही वापरू नये असे मला मनापासून वाटते. ‘उप’शी माझे वैर नाही, उपनगर, उपवास, उपकार हे आपलेच आहेत. पण ‘उपनिवडणूक’ म्हणताना उरलेल्या मुदतीचा अर्थ निसटतो आणि पायरीचा अर्थ चिकटतो. सातबाऱ्यावर पोटहिस्सा लिहिणाऱ्या तलाठ्याला जो फरक कळतो, तो बातमी लिहिणाऱ्यालाही कळायला हरकत नाही.