दिनविशेष : ४ मार्च
झोपडपट्टीतला फुटबॉल रुपेरी पडद्यावर (२०२२)

नागराज मंजुळे यांचा पहिला हिंदी चित्रपट ‘झुंड’ २०२२ मध्ये आजच्या दिवशी प्रदर्शित झाला. अमिताभ बच्चन यांनी त्यात साकारलेले विजय बोराडे हे पात्र नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील माजी क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्यावर बेतलेले आहे.

भर पावसात फुटकी बादली पायाने ढकलत खेळणारी वस्तीतली पोरे बारसे सरांनी पाहिली आणि त्यांच्या हाती खराखुरा चेंडू दिला. २००१ मध्ये सुरू झालेल्या या कामातून ‘स्लम सॉकर’ संस्था उभी राहिली. पुढे तिचे खेळाडू बेघरांच्या विश्वचषकापर्यंत पोहोचले. २००३ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात या विश्वचषकाची सुरुवात झाली होती.

महाविद्यालयाचा संघ म्हटला की प्रवेश, ओळखपत्र, गणवेश आलेच. सरांनी मैदान त्यापलीकडच्या मुलांसाठी मोकळे केले, हे त्यांचे मोठेपण. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, फरीदबाबांच्या टेकडीमुळे ओळखल्या जाणाऱ्या गिरडसारख्या गावांतही हे घडू शकते. एक चेंडू, मोकळी जागा आणि रोज वेळेवर येणारा शिक्षक, एवढे पुरेसे आहे.