अकोला ते परळ, फोनवरून

आमच्या जुन्या शहरात कॅन्सर हा शब्द सहसा कुणी उच्चारत नाही. 'बंबईले नेलं, टाटात' एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. परळचे टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, आणि पुढे वऱ्हाडात आजाराचे नाव इस्पितळाच्या नावामागे लपले. त्या नावात अंतरही आहे. अकोल्याहून मुंबई रेल्वेने सुमारे ५८० किलोमीटर, म्हणजे एक अख्खी रात्र. फोनवरच्या उपचाराचा इतिहास सांगायचा तर मला या रात्रीपासूनच सुरुवात करावी लागते.

हे अंतर मिटवायचे प्रयत्न फोनच्या आधीपासून होत आले. पहिला इलाज होता मुक्कामाची सोय. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगे महाराज यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा बांधल्या त्या वारकऱ्यांसाठी, यात्रेकरूंसाठी. पण त्यांच्या मिशनची दादरची धर्मशाळा आमच्याकडच्या लोकांना माहीत आहे ती टाटाच्या पेशंटांची जागा म्हणून. दुसरा इलाज रेल्वेचा. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट. हा नियम मला फार बोलका वाटतो. अंतर आहे आणि ते तुम्हालाच कापायचे आहे, हे सरकारने त्यात मान्य करून टाकले आहे. सोबत्याच्या बुडालेल्या रोजीला मात्र कुठलीच सवलत नव्हती.

मग उपग्रह आला. या शतकाच्या पहिल्या दशकात इस्रोच्या मदतीने मुंबईचे केईएम नंदुरबार, बीड, लातूर, सातारा आणि सिंधुदुर्गच्या जिल्हा रुग्णालयांशी जोडले गेले. टाटाचा बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयाशी असाच संपर्क होता. आज ही व्यवस्था बोजड वाटेल, पण तिच्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिच्या दोन्ही टोकांना डॉक्टर असे. मुंबईचा तज्ज्ञ विचारी आणि इकडचा डॉक्टर रुग्णाला हात लावून उत्तर देई.

२०२० साली हे दुसरे टोक बदलले. २५ मार्चला टाळेबंदी सुरू झाली आणि नेमक्या त्याच तारखेची केंद्राची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. नोंदणीकृत डॉक्टरने फोनवर वा व्हिडिओवर रुग्ण तपासून औषध लिहून द्यायला तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट मान्यता मिळाली. रेल्वे बंद होत्या. माझ्या आत्याचे गालाचे ऑपरेशन आदल्या वर्षी मुंबईत झाले होते आणि एप्रिलमध्ये दाखवायला जायचे होते. त्याऐवजी व्हिडिओ कॉल ठरला. आता इकडच्या टोकाला डॉक्टर नव्हता, मी होतो. एका हातात मोबाईल, दुसऱ्यात टॉर्च. 'जीभ बाजूला करा, अजून थोडा उजेड,' असे पलीकडून सांगणे चालले होते. मग मानेवर बोटे फिरवून गाठ लागते का, लागली तर हलते की घट्ट आहे, हे मी सांगायचे. मी बँकेतला माणूस. पलीकडची डॉक्टरीणबाई शांतपणे तीन-तीनदा विचारत होती. तिलाही माझ्या बोटांवर भरवसा ठेवायचे जड जात असणार.

कॉल संपल्यावर आत्या म्हणाली, "डाक्टर फोनात दिसते रे बाप्पा, पन गाठीले हात कोन लावन?"

तरीही या सोयीला नावे ठेवणाऱ्यांशी मी भांडेन. दोन रात्रींचा प्रवास, दिवसभराची रांग आणि पाच मिनिटांची भेट, यातली पाच मिनिटे तेवढी घरी आली. रिपोर्ट बघून 'हेच औषध चालू ठेवा' एवढेच सांगायचे असेल तर माणसाला परळपर्यंत ओढण्यात काय अर्थ आहे? आमच्या ओळखीच्या कितीतरी लोकांनी त्या वर्षी उपचार सोडले नाहीत ते या पाच मिनिटांच्या जोरावर. तपासण्या गावात, सलाईन गावात आणि मत मुंबईचे, अशी वाटणी अनेकांना मानवली.

अडले ते दुखण्यापाशी. जूनमध्ये आत्याचा जबडा ठणकू लागला. रात्री ती ओसरीवर येरझाऱ्या घाली. काय द्यायला हवे ते मुंबईत ठाऊक होते, पण मॉर्फिन फोनवरून लिहून देता येत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातली औषधे त्या तत्त्वांनी वर्ज्य ठरवली आहेत. नशेचा बाजार लक्षात घेता कारण समजते. २०१४ मध्ये कायदा बदलून ही औषधे रुग्णांपर्यंत पोचणे सोपे करायचा प्रयत्नही झाला होता. पण ज्याला गाडीत बसवत नाही, त्यालाच हे औषध लागते, आणि नेमके तेच फोनमधून येत नाही, हा पेच कायम राहिला. सहा दिवस मी गावात फिरलो. मोर्णेवरचा पूल ओलांडताना दरवेळी पोलिसांना फाईल दाखवायची. सातव्या दिवशी एका स्थानिक डॉक्टरांनी घरी येऊन आत्याला पाहिले आणि कागदावर लिहून दिले. त्या रात्री ती झोपली.

आणखी एक गोष्ट मला गल्लीतल्या एका बाईमुळे कळली. तिचा आजार स्तनाचा. इस्पितळात पडदा असतो, दार असते. इथे दोन खोल्यांचे घर, सासरे खाटेवर, मुलांची शाळा त्याच मोबाईलवर आणि आवाज ऐकू यावा म्हणून स्पीकर चालू. डॉक्टर विचारत, 'स्राव आहे का?' आणि ही 'बरं आहे' एवढेच म्हणे. पुढच्या वेळी तिने कॉलची वेळ दुपारी अडीचची मागून घेतली, घर झोपते तेव्हाची. फोन घेऊन ती गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन बसली आणि जे सांगायचे ते सगळे तिने तिथून सांगितले.